तिसरी मूठ

लग्न होऊन आलेल्या सुनिताला तिच्या सासूने, दगडाबाईने, पहिल्याच सकाळी दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, या घरात भाकरी पातळ लागते. दुसरी, मूठ काढल्याशिवाय चूल पेटत नाही.

मूठ काढायची म्हणजे ज्वारीच्या पोत्यात हात घालून घरात जितकी माणसं तितक्या मुठी एका पत्र्याच्या डब्यात टाकायच्या, आणि प्रत्येक मुठीला एकेकाचं नाव घ्यायचं. हे माणूस आज उठलं, आज भाकरी खाईल, त्याबद्दल देवाचे उपकार, एवढाच त्याचा अर्थ. नेकनूरजवळच्या त्या वस्तीवर पंधरा ख्रिस्ती घरं, आणि पंधराही घरांतल्या बाया हे करत. रविवारी डबे चर्चमध्ये जात आणि ते धान्य पुढे एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांच्या घरी. सुनिताला पहिले काही दिवस जीव नकोसा झाला होता, कारण मुठीपायी नवऱ्याचं नाव घ्यावं लागे. त्यात नवऱ्याचं नाव हनुमान. तो लहान असतानाच घर चर्चमध्ये आलं, तेव्हाच्या पाळकांनी नाव बदलायचं सुचवलं, तर दगडाबाई म्हणाली होती की देवाला दोन दोन नावं लक्षात ठेवायचा ताप कशाला. तेव्हापासून हनुमान हनुमानच राहिला आणि रविवारी ढोलकीही तोच वाजवायला लागला.

बावीस वर्षं सुनिताने मूठ चुकवली नाही. आता खरं सांगायचं तर त्यातली निदान एकवीस वर्षं तिचं ध्यान भलतीकडेच असे. ‘हनुमान’ म्हणताना ती मनात म्हशीला शिव्या हासडत असे, ‘सायली’ म्हणताना दूध उतू जातंय का ते बघत असे. सवय अंगात मुरली की माणूस झोपेतही उपकार मानतो, आणि झोपेत मानलेले उपकार कुणाला पोचतात ते देवच जाणे.

पण आता परवापासून त्या घरात एक मूठ कमी झाली होती, आणि ती कमी करणारी जिवंत होती. तिने स्वतःच तसं सांगितलं होतं.

झालं होतं असं. सुनिताची एकुलती लेक सायली आणि चार घरं पलीकडच्या कडूबाईची एकुलती लेक संस्कृती, दोघी बीडला नर्सिंग शिकत होत्या. रोज वडापच्या काळीपिवळी जीपने जायच्या, काळीपिवळीनेच यायच्या. एकीने टिकली बदलली तर दुसरी बदलणार, अशी जोडी. कडूबाई आणि सुनिता यांचंही तसंच होतं. दोघींची लग्नं एकाच मांडवात लागलेली, दोघींनी एकाच आडाचं पाणी भरलेलं. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी, अजून दिवस पुरता बुडालाही नव्हता, वळणावर उसाची ट्रॉली आडवी आली आणि जीपच्या एका बाजूला घासत गेली. बाकीच्यांना खरचटलं. सायलीला भुवईवर पाच टाके पडले. संस्कृती जागच्या जागी गेली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात, कोण वाचलं आणि कोण गेलं हे कळायच्या आधी, सुनिताने भिंतीला डोकं टेकून देवाला शब्द दिला होता. माझी लेक वाचू दे, चर्चच्या सगळ्या मंडळीला जेवू घालीन, उपकारस्तुतीची सभा घेईन. लेक वाचली. टाके घालून झाल्यावर सायलीने आईचा हात धरून एक गोष्ट सांगितली आणि कुणालाही सांगू नको म्हणून शपथ घातली. खिडकीजवळ रोज सायली बसायची. त्या दिवशी संस्कृतीला मळमळत होतं म्हणून तिने खिडकी मागितली, आणि सायली उठली होती.

एवढी गोष्ट पोटात ठेवायची होती. पण सुनिताचं पोट त्या कामाचं नव्हतं.

उपासनेत पाळकसाहेब साक्षीसाठी वेळ देत. ज्याचं देवाने काही भलं केलं असेल त्याने उठून सांगायचं. साक्षीला एक चाल असते: आधी संकट, मग देवाचा हात, मग हालेलुया. ही चाल वस्तीवर सुनिताइतकी कुणाला जमत नसे. म्हशीचा ताप उतरला त्याची साक्ष तिने अशी दिली होती की पुरुषांच्या बाजूला बसलेल्या दोघांनी डोळे पुसले होते. सुनिताताई उठल्या म्हटलं की लोक सावरून बसत, आणि ते सुनिताला कळत असे. आवडतही असे.

अपघातानंतरच्या तिसऱ्या रविवारी ती उठली. कडूबाई त्या दिवशी पहिल्यांदाच चर्चमध्ये आली होती, उशिरा येऊन मागे सतरंजीच्या कडेला बसली होती. आपण तिला पाहिलं नव्हतं असं सुनिताने नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण येताना दिसलेलं जांभळं लुगडं कुणाचं, हे तिला ठाऊक होतं. फक्त जीभ धावायला लागली की सुनिताचे डोळे मिटत असत.

“माजी सायली रोज खिडकीपाशी बसायची,” ती म्हणाली. “त्या दिशी देवानं तिला तितनं उठवलं. ट्रॉली बरुबर त्याच जागेला येऊन धडकली, पन माजी लेक तितं नव्हती.”

पुरुषांच्या बाजूने एक हालेलुया आलं, दुसरं अर्ध्यावरच अडकलं. मागून कडूबाईचा आवाज आला. मोठा नव्हता. पाणी मागावं तसा साधा होता.

“मग तितं कोन व्हतं, सुनिता?”

कुणी मान वर केली नाही. कडूबाई उठली, चपला हातात घेतल्या आणि उन्हात निघून गेली. तिचा नवरा राधाकिशन जरा वेळ तसाच बसून राहिला आणि मग तोही उठला. सुनिता मधोमध उभी होती. बसायचं कसं हेच तिला सुचेना.

ही बातमी तिच्या आधी घरी पोचली. सायली त्या वेळी चर्चला येतच नव्हती, पांघरुणात पडून असायची. ती उठून बसली आणि एवढंच म्हणाली, “तुला सांगू नको मनलं व्हतं.” मग म्हणाली, “देवानं न्हाई उठवलं मला. संस्कृतीनं खिडकी मागितली मनून उठले मी. आजपासून माज्या नावाची मूठ काढू नको. माज्यासाटी उपकार मानायचे, तर तिच्यासाटी काय मानायचं?”

दगडाबाई उठली आणि चुलीपुढे जाऊन बसली.

दुसऱ्या सकाळी सुनिताने लेकीची पाठ वळलेली बघून चौथी मूठ हळूच टाकली. नाव मनातल्या मनात घेतलं. देवाला ऐकू जायला हरकत नव्हती, पण सायलीलाही ऐकू गेलं. ती उठून आली, डब्यात हात घातला, मूठभर ज्वारी काढून परत पोत्यात टाकली आणि जाऊन निजली. अर्धी भाकरी खायची, तीही खाल्ली नाही त्या दिवशी. सुनिताला भीती वाटायला लागली. ज्या पोरीला आपलं जगणंच नको झालंय तिच्याबद्दल देवाचे उपकार कसे मानायचे? आणि नाही मानले तर त्याने दिलेलं तो परत नेणार नाही कशावरून? बावीस वर्षं जी मूठ तिने लक्ष न देता काढली, ती एक मूठ आता तिला दिवसभर पुरत होती.

तिकडे हनुमानाने बोकड आणून अंगणात बांधला होता. शब्द देवाला दिला होता, आणि देवाच्या शब्दाला हयगय करायची म्हणजे हनुमानाच्या अंगावर काटा यायचा. शनिवारी चार वाजता उपकारस्तुती ठरली. सुनिता पाळकसाहेबांकडे गेली आणि म्हणाली की हे पुढं ढकलावं. पाळकसाहेब धर्मापुरीकडचे, तरुण, मनाने चांगले. ते म्हणाले की सुखात कुणीही उपकार मानतं, ख्रिस्ती माणसाची परीक्षा दुःखातच असते. आणि कडूबाईंची काळजी करू नका, त्यांनाही बोलवू, पुढे खुर्ची देऊन बसवू, त्यांच्यासाठी खास प्रार्थना करू. सुनिताच्या डोळ्यांपुढे ती खुर्ची आली. आपल्या अंगणात, आपल्या बोकडाचं मटण शिजतंय आणि कडूबाई पुढच्या खुर्चीवर. ती घरी आली आणि न्हाणीत जाऊन रडली. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण जाळणारीही आपणच असलो की ते जास्त कळतं.

कडूबाईचं घर चार घरांवर. त्या आठवड्यात सुनिता तीनदा निघाली आणि तीनदा आडावरून माघारी वळली. शुक्रवारी सकाळी मात्र तिने ज्वारीच्या पोत्यात हात घातला, ‘हनुमान’ म्हणाली, ‘सासूबाई’ म्हणाली, ‘सुनिता’ म्हणाली, आणि चौथ्या नावाला तिचा हात पोत्यातच राहिला. ती तशीच उठली. ज्वारीचा हात पदराला पुसत चालत गेली.

राधाकिशन ओट्यावर दात घासत होता. तो गवंडीकाम करायचा. तीन आठवडे कामावर गेला नव्हता. त्याने तिच्याकडे पाहिलं, चर्चच्या रिवाजाप्रमाणे “सलाम” म्हणाला, आणि तांब्या घेऊन आडाकडे निघून गेला. आत कडूबाई परातीपुढे बसली होती. तिने ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. सुनिता उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली.

कडूबाईने ज्वारीच्या डेऱ्यात हात घातला. मूठ भरली, डब्यावर आणली. “राधाकिशन,” ती म्हणाली आणि दाणे टाकले. दुसरी मूठ भरली. “कडूबाई.” सुनिताला वाटलं आता ती पीठ घेईल. कडूबाईने तिसऱ्यांदा हात घातला, आणि ही मूठ पहिल्या दोन्हींपेक्षा मोठी होती. “संस्कृती,” ती म्हणाली. मग झाकण लावलं.

सुनिताने तोंडात पदर धरला. दोघंच उरलेल्या त्या घरात तीन मुठी निघत होत्या आणि चौघं जिवंत असलेल्या आपल्या घरात तीन, हे तिच्या लक्षात आलं तशी ती हुंदके द्यायला लागली.

“रडू नको,” कडूबाई म्हणाली. “माज्याकडं तुज्यासाटी पानी न्हाई आन् रुमालबी न्हाई.”

ती भाकरी थापायला लागली. मग सुनिताने कसंबसं विचारलं, ही मूठ अजून कशी काढतेस.

“कशी म्हंजी? एकोनीस वर्षं दिली व्हती ना त्यानं?” कडूबाई तव्याकडे बघत बोलत होती. “नेली त्याचं भांडन माजं चालू हाय त्याच्यासंगं. रोज भांडते. पन मूठ थांबवली तर ती नव्हतीच कदी, असं व्हईल. ते मला नको.”

तिने भाकरी उलटली. सुनिताने आता तिचे पाय धरले आणि म्हणाली की मी चुकले, चर्चमध्ये मी बोलले ते खोटं होतं, देवाने कुणाला उठवलं नव्हतं. सगळं सांगितलं, मळमळल्याचं, खिडकी मागितल्याचं. बोलताना हालेलुया नव्हतं, चाल नव्हती. कडूबाईचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिने ती काढली नाही.

“मळमळायलं व्हतं तिला?” तिने विचारलं. “लहानपनापासून व्हायचं तसं. येष्टीत माज्या मांडीवर डोकं ठेवायची.” मग म्हणाली, “मी येवढे दिस इचार करायले, ती जाताना कोन व्हतं तिच्यापाशी, कोनी काय केलं का तिच्यासाटी. सायलीनं खिडकी दिली तिला. वारं लागलं आसंल तोंडाला. शेवटचं जे मागितलं ते मिळालं माज्या लेकीला.”

सुनिताने तिचे पाय सोडले.

“सायलीला सांग,” कडूबाई म्हणाली. “तिनं केलं ते लई केलं. त्याच्यासाटी मी देवाचे उपकार मानते, बाकीच्याचं माजं मी बघून घेईन. आन् तुज्यावरला राग गेला न्हाई माजा, सुनिता. जाईल तवा जाईल. मी काय चर्चला यायची न्हाई येवढ्यात. ह्यो डबा तेवढा घिऊन जा रविवारी.”

तिने डबा पुढे सरकवला. करपलेली भाकरी तव्यावरून काढली आणि बाजूला ठेवली.

घरी येऊन सुनिताने हे सगळं सायलीला शब्दन् शब्द सांगितलं, आपलं एक अक्षर न घालता. तिच्या आयुष्यात असं सांगणं पहिल्यांदाच झालं असेल. सायलीने भिंतीकडे तोंड केलं. तिची पाठ हलत होती. ती जेवायलाही आली नाही. सुनिताला वाटलं होतं निरोपाने काहीतरी लगेच सुटेल, आणि तसं काही झालं नाही.

संध्याकाळी तिने हनुमानाला सांगितलं की उद्याचं जेवण होणार नाही. हनुमान घाबरला. म्हणाला, देवाला दिलेला शब्द हाय. सुनिता म्हणाली, शब्द देवाला दिलाय ना, मग मार कडूबाईला कशाला? देव थांबेल. तो थांबणारा नसेल तर बावीस वर्षं आपण कुणाच्या नावाने ज्वारी काढली? हनुमानाने आईकडे पाहिलं. दगडाबाईने मान हलवली आणि विषय संपला. खरं बघता या सगळ्या प्रकरणात त्या दिवशी मनापासून उपकार मानावेत असा एकच जीव होता, आणि तो अंगणात कडबा खात होता.

रविवारी सुनिता दोन डबे घेऊन गेली. साक्षीची वेळ झाली तशी ती उठली. लोक सावरून बसले. पाळकसाहेबांनी मान हलवून धीर दिला.

“मागच्या रविवारी मी खोटी साक्ष दिली,” ती म्हणाली. “देवानं कुनाला उठवलं न्हाई. संस्कृतीला मळमळायलं व्हतं, तिनं जागा मागितली, सायलीनं दिली. एक गेली, एक राह्यली. कावून ते मला म्हाईत न्हाई. कुनाला म्हाईत आसंल तर त्यानं मला सांगू नये.”

ती एवढ्यावर थांबली. सगळे वाट बघत होते, कारण साक्ष अशी संपत नसते. सुनिता पुढे गेली आणि धान्याच्या टोपल्यात एक डबा ओतला. “ह्या आमच्या तिघांच्या,” ती म्हणाली. मग दुसरा ओतला. “ह्या राधाकिशन, कडूबाई आन् संस्कृतीच्या.” ज्वारी पडायचा आवाज थांबेपर्यंत कुणी हललं नाही. नंतर एका म्हातारीने नाक पुसलं. हालेलुया कुणी म्हणालं नाही, आणि त्या दिवशी ते बरंच झालं.

परत येताना तिने रिकामा डबा कडूबाईच्या ओट्यावर ठेवला. दार लोटलेलं होतं. तिने हाक मारली नाही.

सोमवारी सकाळी सुनिता पोत्यापाशी बसली. “हनुमान,” ती म्हणाली. मूठ टाकली. “सासूबाई.” दगडाबाईचं नाव तिने बावीस वर्षांत कधी घेतलं नव्हतं, देवाला ते माहीतच आहे, असं सासूनेच ठरवून टाकलं होतं. “सुनिता.” मग तिने हात झटकले आणि झाकणाकडे हात नेला. गेला आठवडाभर ती हेच करत होती.

“थांब,” मागून सायली म्हणाली.

ती केव्हा उठली ते सुनिताला कळलं नव्हतं. केस विस्कटलेले, भुवईवरची टाक्यांची खूण अजून लाल. ती आईशेजारी उकिडवी बसली आणि पोत्यात हात घातला. मूठ भरून डब्यावर आणली. “संस्कृती,” ती म्हणाली, आणि दाणे सरळ खाली पडले.

मग तिने पुन्हा हात घातला. ही मूठ डब्यावर आली, पण उघडेना. बोटं पांढरी पडली होती. सुनिताला त्या बोटांना हात लावावासा वाटला, नाव आपणच घ्यावंसं वाटलं, एक छोटी प्रार्थना करावीशी वाटली. तिने यातलं काही केलं नाही. जन्मात पहिल्यांदा तिने तोंड मिटून ठेवलं. दगडाबाई बाजेवरून बघत होती. बाहेर फाट्यावर बीडची पहिली काळीपिवळी हॉर्न देत होती, ती भरून निघूनही गेली.

“सायली,” पोरगी अगदी हळू म्हणाली. मूठ उघडली.

सुनिताने डब्याला झाकण लावलं आणि चूल पेटवली.